बिनस्क्रीनच्या डब्याशी गप्पा

गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. लहानपणी दोन गारगोट्या एकमेकींवर आपटून ठिणगी पाडायचा उद्योग तुम्हीही केला असेल. क्वार्ट्झपासून सिलिकॉन मिळतं, सिलिकॉनपासून चिप आणि चिपपासून तुमच्या खिशातला तो लाडका मोबाइल. थोडक्यात काय, आपण सगळे दिवसभर दगडाशीच बोलत असतो!

हा विषय निघायचं कारण म्हणजे गारगोटी याच नावाचं गाव. कोल्हापूरहून दक्षिणेला साधारण पन्नास किलोमीटर, वेदगंगेच्या काठी, भुदरगड तालुक्याचं मुख्य ठिकाण. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून देशाला माहीत असलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी पुढाकार घेऊन मौनी विद्यापीठ उभारलं ते इथंच. खेड्यातल्या मुलांना शिकायला गाव सोडावं लागू नये, असा साधा पण सॉल्लिड विचार त्यामागे होता.

माझे मामा याच गावचे. रिटायर्ड मास्तर. घराच्या वरच्या मजल्यावर त्यांनी अभ्यासिका काढलीये. चाळीस खुर्च्या, चार जुने पीसी, एक फायबर कनेक्शन आणि पोलीस भरतीपासून एमपीएससीपर्यंत कसली ना कसली तयारी करणारी मुलं-मुली. चाळीस मोबाइल एकदम वायफायला लागले की नेट मान टाकतं. मग कुणाचा तरी ऑनलाइन फॉर्म ‘पेमेंट पेंडिंग’वर अडकतो आणि वर्षभराची तयारी त्या गोल फिरणाऱ्या चक्रात गरगरत राहते. मामेबहीण तिथल्याच पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमा करते. तिचा फोन आला, ‘ताई, ह्या राऊटरनं जीव नको केलाय. मी रोज चारदा बंद-चालू करतो. काहीतरी बघ की.’

(‘करतो’ वाचून दचकू नका. कोल्हापूरकडच्या मुली स्वतःबद्दल बिनधास्त असंच बोलतात. पुणेरी ‘करते’पेक्षा त्यात जास्त दम आहे, असं माझं प्रामाणिक मत!)

पुण्यात दिवसभर सर्व्हर सांभाळणं हाच माझा धंदा. त्यामुळे उपाय डोक्यात तयार होता. कंपनीने दिलेल्या राऊटरच्या मागे आपला एक छोटा डबा लावायचा. त्यात ओपनबीएसडी टाकायचं. थिओ डी राट यांनी १९९५ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीतून सुरू केलेली ही युनिक्सच्या घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम फुकट आणि काटेकोर आहे, आणि तिचा ‘पीएफ’ नावाचा फायरवॉल २००१ पासून जगभर नावाजलेला आहे. फॉर्म भरणाऱ्यांना आधी वाट द्यायची, व्हिडिओवाल्यांना मागे उभं करायचं. झालं!

डबा म्हणजे पीसी इंजिन्स या स्विस कंपनीचा सेकंडहँड एपीयू बोर्ड. कंपनीने २०२३ मध्ये हे बोर्ड बंद करत असल्याचं जाहीर केलं, पण जुने अजून मिळतात. आकार जेवणाच्या डब्याएवढा. पंखा नाही, आवाज नाही. तीन नेटवर्क पोर्ट, दोन यूएसबी आणि मागे नऊ पिनांचा एक म्हातारा पोर्ट. मॉनिटर लावायला मात्र जागाच नाही! मामांनी डबा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, ‘अगं, ह्याला टीव्ही कुठं जोडायचा?’

कुठंच नाही. याच्याशी बोलायचं ते त्या नऊ पिनांमधून. यालाच सीरियल कन्सोल म्हणतात.

आजोबांच्या काळातलं कनेक्शन

सीरियल म्हणजे एकामागून एक. तुम्ही ‘अ’ दाबलात की त्याचे आठ बिट एकाच तारेवरून रांगेत जातात, रेशनच्या दुकानातल्या लायनीसारखे. या जोडणीचं आरएस-२३२ हे स्टँडर्ड १९६० चं. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या आईबाबांच्या लग्नाआधीचं! १९६९ मध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये युनिक्स लिहायला घेतलं, तेव्हा टाइप करायला आजच्यासारखा स्क्रीन नव्हता. होता तो टेलिटाइप, म्हणजे तारखात्यातल्या टेलिप्रिंटरचा भाऊबंद. सेकंदाला दहा अक्षरं, खडखडखड करत कागदावर. त्या टेलिटाइपचं लघुरूप ‘टीटीवाय’. आजही लिनक्स, बीएसडी किंवा मॅकवर टर्मिनल उघडलंत तर आत कुठंतरी हे नाव सापडतंच. आपल्याकडची तार सेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. तिचा हा वारसदार मात्र जगातल्या डेटा सेंटरांत निवांत काम करतोय.

यात पुण्याचाही वाटा आहे बरं का. नव्वदच्या दशकात अनेक ऑफिसांत एक युनिक्स मशीन आणि त्याला सीरियल तारांनी जोडलेले पाच-सात ‘डंब टर्मिनल’ असायचे. मशीन एकच, माणसं अनेक. त्यावर मराठी-हिंदी दिसावं म्हणून पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्रज्ञानावर चालणारे टर्मिनल बनवले. त्यामागचं भारतीय लिप्यांचं ‘इस्की’ स्टँडर्ड १९९१ मध्ये पक्कं झालं. इंग्रजीला सात बिट पुरतात. देवनागरी अक्षरं बसवली ती आठव्या बिटामुळे मिळालेल्या वरच्या अर्ध्या भागात. तार सात बिटांवर सेट असेल तर तो आठवा बिट वाटेतच गळायचा आणि ‘नमस्कार’चा भलताच गिचमिडकाला व्हायचा. तेव्हा सेटिंगमध्ये दिसणारा तो ‘८-एन-१’ निमूटपणे स्वीकारा. आठ बिट डेटा, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. त्यातला आठ आपल्या भाषेसाठीही मोलाचा आहे.

सामान काय लागतं?

एक : यूएसबी-टू-सीरियल कन्व्हर्टर. हल्लीच्या लॅपटॉपला नऊ पिनांचा पोर्ट नसतो, म्हणून हा मधला माणूस लागतो. अगदी स्वस्तातला घेऊ नका. आत नकली चिप असते आणि ड्रायव्हर रुसतो. २०१४ मध्ये तर एफटीडीआय या चिप कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपा ओळखून चक्क निकामी केल्या होत्या. जगभर बोंबाबोंब झाली होती.

दोन : नल मोडेम केबल, दुकानातल्या भाषेत क्रॉस केबल. साधं लॉजिक आहे. माझं तोंड तुझ्या कानाला, तुझं तोंड माझ्या कानाला. म्हणजे एका टोकाची २ नंबरची पिन दुसऱ्या टोकाच्या ३ ला, ३ ची २ ला आणि ५ नंबरची ग्राउंड सरळ ५ ला. बस, तीन तारा! सरळ केबल दिसायला हुबेहूब अशीच असते, पण तिने जोडलंत तर तोंडाला तोंड लागतं आणि कुणालाच काही ऐकू येत नाही. मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून केबल घेतली आणि तिथेच मल्टिमीटरचं बीप वाजवून पाहिली. दुकानदाराने विचित्र नजरेने पाहिलं. पाहू देत.

तीन : लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम. विंडोजवर पुट्टी, लिनक्स-मॅकवर ‘स्क्रीन’. दोन्ही फुकट.

रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांना मात्र एक इशारा. त्याच्या ८ आणि १० नंबरच्या पिनांवरही सीरियल मिळतं, पण ते ३.३ व्होल्टचं. आरएस-२३२ची तार पार पंधरा व्होल्टपर्यंत उड्या मारू शकते, तीही प्लस-मायनस दोन्ही बाजूंना. ती थेट जोडलीत तर पायचा पापड! त्यासाठी ३.३ व्होल्टची वेगळी यूएसबी केबल मिळते, तीच घ्या.

गप्पांना सुरुवात

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर (तांबडा-पांढरा रस्सा, त्यामुळे वेग जरा कमी) आम्ही कामाला बसलो. मी आधीच ठरवलं होतं, कीबोर्डला हात लावायचा नाही. बहिणीनेच सगळं करायचं. कारण सरळ आहे. मी रविवारी संध्याकाळी पुण्याची गाडी पकडणार. डबा गारगोटीतच राहणार.

ओपनबीएसडीची इमेज पेन ड्राइव्हवर टाकून तिने तो डब्याला लावला. केबल जोडली. पुट्टीत ‘सीरियल’ निवडलं, स्पीड ११५२००, आणि फ्लो कंट्रोल ‘नन’. हे शेवटचं महत्त्वाचं. तीनच तारांच्या केबलवर हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू ठेवलंत तर समोरचं सगळं दिसतं, पण तुम्ही टाइप केलेलं पलीकडे पोचतच नाही. मग आपण कीबोर्डला शिव्या घालत बसतो.

डब्याला करंट दिला आणि काळ्या खिडकीत अक्षरं उमटली. मॉनिटर नसलेला डबा आपलं नाव, आपली मेमरी सगळं सांगायला लागला. मामा चष्मा लावून पुढे सरकले. ‘बोलतंय की गं हे!’

एफ-१० दाबून पेन ड्राइव्ह निवडला. ‘बूट’ असा प्रॉम्प्ट आला, पाच सेकंद थांबला आणि पुढे गेला. आणि मग... शांतता. काहीच नाही.

‘मेलं का काय?’ बहिणीने विचारलं.

मेलं नव्हतं. सिस्टिम मजेत चालू होती, फक्त ती बोलत होती नसलेल्या मॉनिटरशी. बूटच्या प्रॉम्प्टवर तिला सांगावं लागतं, की बाई, तुझं ऐकणारं माणूस सीरियलवर बसलंय. ती आज्ञा म्हणजे ‘सेट टीटीवाय कॉम०’. अर्थातच टाइप करायचं ते इंग्रजीत, छोट्या लिपीत. बघा, तो टेलिटाइप पुन्हा आलाच!

बहिणीने पुन्हा चालू करून ते टाइप केलं. आता स्क्रीनवर अक्षरं आली, पण कसली? चौकोन, प्रश्नचिन्हं, उलटे स्वल्पविराम. मी गप्प. ती दोन मिनिटं बघत राहिली. मग म्हणाली, ‘ताई, हे बोलतंय, पण माझ्या स्पीडनं बोलत नाही. आमचे इतिहासाचे सर असंच वाचतात.’

शाब्बास! सीरियलच्या तारेत घड्याळ नसतं. दोन्ही टोकांनी वेग आधीच ठरवून घ्यायचा असतो. डब्याचा मूळ प्रोग्रॅम ११५२०० ने बोलतो आणि ओपनबीएसडी न सांगता ९६०० ने सुरू होतं. प्रत्येक अक्षराला आठ बिट, शिवाय एक स्टार्ट आणि एक स्टॉप, असे दहा बिट धरा. म्हणजे ९६०० ला सेकंदाला ९६० अक्षरं आणि ११५२०० ला ११,५२०. बारापट फरक! मग गिचमिड होणार नाही तर काय? प्रत्येक बोर्डाची सवयही वेगळी. याच कंपनीचा जुना अ‍ॅलिक्स ३८४०० ने बोलायचा, सोएक्रिसचे डबे १९२०० ने. गिचमिड दिसली की घाबरायचं नाही. तार बरोबर आहे याची ती खूणच आहे, फक्त वेग बदलून बघायचा.

तिने आधी ‘एसटीटीवाय कॉम० ११५२००’ आणि मग ‘सेट टीटीवाय कॉम०’ असा क्रम लावला. एंटर. आणि सरसर सरसर पांढरी अक्षरं! पुढचं एकदम सोपं. इन्स्टॉलसाठी ‘आय’ दाबा, नाव द्या, पासवर्ड द्या, वेळेसाठी आशिया-कोलकाता. टर्मिनलचा प्रकार विचारल्यावर ‘व्हीटी-२२०’ हे तयार उत्तर दिसतं. ते १९८३ च्या एका डेक टर्मिनलचं नाव, नुसतं एंटर मारायचं. मधे एक प्रश्न येतो, कायमचा कन्सोल कॉम० ठेवू का? ‘यस’. वेग? ११५२००. हे इथे सांगितलं की पुढच्या प्रत्येक वेळी डबा आपणहून सीरियलवर बोलतो. शेवटी ‘काँग्रॅच्युलेशन्स’ आलं तेव्हा चहा व्हायचा होता.

सगळं रिमोटली होतं की!

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? नेटवरून लॉगिन करा आणि पुण्यातून सगळं चालवा. आमच्या फील्डमध्ये हेच स्मार्ट मानतात. पण एक साधा प्रश्न. नेटच बंद पडलं तर?

४ ऑक्टोबर २०२१. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम, सगळं जवळपास सहा तास ठप्प. आठवतंय ना? देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने त्यांच्या डेटा सेंटरांमधलं नेटवर्कच तुटलं होतं. नेहमीचा रस्ता बंद, अडीअडचणीसाठी ठेवलेला वेगळा रस्ताही बंद. शेवटी इंजिनिअरांना स्वतः डेटा सेंटरात जाऊन मशीनपाशी उभं राहावं लागलं. आता क्लाउडवालेही या म्हाताऱ्या कन्सोलकडे वळलेत. अ‍ॅमेझॉनने २०२१ मध्येच आपल्या क्लाउड सर्व्हरसाठी सीरियल कन्सोल सुरू केला. तिथे खरी तार नसते, पण कल्पना तीच. सगळं कोसळलं तरी मशीनच्या कानाशी जायचा एक रस्ता मोकळा हवा.

फेसबुककडे डेटा सेंटरात पाठवायला इंजिनिअर होते. गारगोटीकडे? मी, तीही सहा तासांवर. म्हणून रविवारी निघण्याआधी दोन कामं केली. एक म्हणजे केबल आणि कन्व्हर्टर डब्यासोबत एकाच कपाटात कुलूपबंद ठेवले. (कुलूप हवंच, कारण कन्सोलपर्यंत ज्याचा हात पोचतो तो मशीनचा मालक!) दुसरं म्हणजे बहिणीने आपल्या अक्षरात एक कागद लिहून झाकणाच्या आत चिकटवला. वेग किती, पुट्टीत काय निवडायचं, कुठला मेसेज आला तर काय टाइप करायचं. मी म्हटलं, टाइप करून प्रिंट काढूया. ती म्हणाली, ‘नको, मी लिहिलेलं मला लगेच कळतं.’ पटलं.

गेल्या जुलैत त्या कागदाची परीक्षा झाली. भुदरगडचा पाऊस तुम्हाला माहीत नसेल. तो पडायला लागला की नुसता पडतच राहतो. दोन दिवस लाइटचा खेळ, मग इन्व्हर्टरनेही हात टेकले आणि डबा धाडकन बंद पडला. लाइट आली, फायबर आलं, तरी अभ्यासिकेत नेट नाही. मोबाइलची रेंज आधीच गेलेली. आणि त्याच दिवशी एका भरतीच्या अर्जाची शेवटची तारीख. वर अकरा मुलं फायली घेऊन बसलेली.

पुण्यात मला यातलं काहीच माहीत नव्हतं. फोन लागत नव्हता, म्हणजे मला विचारायचीही सोय नव्हती.

बहिणीने कपाट उघडलं, केबल लावली. डबा सांगत होता, की अचानक बंद झाल्याने फाइल सिस्टिममध्ये गोंधळ झालाय, आपोआप दुरुस्त होत नाही, ‘एफएससीके’ हाताने चालवा. असं झालं की मशीन तिथेच थांबून राहतं. नेटवर्क सुरूच होत नाही, त्यामुळे बाहेरून कुणी कितीही हुशार असला तरी आत शिरू शकत नाही. तिने एंटर मारून शेल घेतला, कागदावर बघून ‘एफएससीके, स्पेस, डॅश वाय’ टाइप केलं, ते संपल्यावर मशीन रीबूट केलं. अर्ध्या तासात नेट चालू. अकराही अर्ज गेले.

मला हे दुसऱ्या दिवशी कळलं, रेंज आल्यावर. मेसेज एवढाच होता : ‘मशीन अडलेलं. काय म्हणतंय ते वाचलं आणि केलं. मी घाबरलो नव्हतो.’

खरं सांगते, ऑफिसात मोठमोठे आउटेज निस्तरलेत, पण या मेसेजएवढं बरं कशानेच वाटलं नव्हतं. आपण गावाकडच्यांचे कॉम्प्युटर ‘नीट करून देतो’ ते बहुतेकदा असे, की पुढच्या वेळी त्यांनी पुन्हा आपल्यालाच फोन करावा. रिमोट लॉगिनची किल्ली आपल्या खिशात आणि अडचण त्यांच्या घरात. तीन तारांची ही केबल ती किल्ली तिथल्या माणसाच्या हातात देते. मशीन काय म्हणतंय ते वाचता आलं की निम्मं काम होतं, आणि वाचायला तर आपल्या अभ्यासिकेतली मुलं दिवसभर बसलेलीच असतात!

तेव्हा दोस्तहो, या गणपतीत किंवा दिवाळीत गावी जाणार असाल आणि तिथल्या दुकानात, पतसंस्थेत, शाळेत तुम्ही लावून दिलेला एखादा डबा असेल, तर एवढं करा. एक केबल न्या. तिथल्या एखाद्या उत्साही पोरीला किंवा पोराला शेजारी बसवा. कीबोर्ड त्यांच्याकडे द्या, स्वतः चहा घ्या. सगळं चालू असतानाच एकदा मुद्दाम बंद करून त्यांच्याकडून चालू करून घ्या. आणि कागद त्यांच्याच अक्षरात लिहू द्या.

बहिणीने आता डब्यासाठी नवीन बॅटरीची मागणी मामांकडे टाकलीये. मामा म्हणाले, ‘केबल एवढी स्वस्त आणि बॅटरी एवढी महाग कशी गं?’ त्यावर तिचं उत्तर, ‘आबा, केबलला बोलायचं असतंय, बॅटरीला राबायचं असतंय.’

बॅटरी मंजूर झाली!